चेहऱ्यावरचे वांग आणि मी न वाचलेले लेबल

गेली सतरा वर्षे मी सोलापूर जिल्ह्यात कृषी सहायक म्हणून काम करते. या काळात शेतकऱ्यांना सर्वांत जास्त वेळा कोणते वाक्य ऐकवले, असे कोणी विचारले तर उत्तर तयार आहे: दुकानदाराला विचारून फवारणी करू नका. आधी पानावर काय पडले आहे ते ओळखा, मग औषध ठरवा, डब्यावरचे लेबल वाचा, विषाची तीव्रता दाखवणारा त्रिकोण लाल आहे की हिरवा ते पाहा आणि मात्रा मोजून घ्या. डाळिंबावरचा तेल्या हा जिवाणूजन्य रोग आहे, त्याच्यावर नुसती बुरशीनाशके ओतून उपयोग नाही, हे मी बांधावर उभी राहून इतक्यांदा सांगितले आहे की काही गावांत मला पाहताच लोक स्वतःहून लेबल वाचायला घेतात. आणि तरीही स्वतःच्या चेहऱ्यावरच्या डागांच्या बाबतीत मी नेमके तेच केले, ज्यासाठी इतरांना बोलत आले. मेडिकलच्या दुकानात गेले, दुकानदाराने ट्यूब दिली, मी ती लावली. लेबल वाचले ते नऊ महिन्यांनी.

डाग पहिल्यांदा दिसले ते 2014 मध्ये, दुसऱ्या खेपेच्या वेळी, सहावा महिना लागला तेव्हा. दोन्ही गालांच्या वरच्या भागावर, डोळ्यांच्या खाली, फिकट तपकिरी रंगाचे आणि कडा नकाशासारख्या वेड्यावाकड्या. वरच्या ओठावर मात्र मिशीची सावली पडावी तसा एक पट्टा. माझ्या मावशीने ओटभरणीच्या दिवशी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि म्हणाली, "अगं, वांग आलेत की गं तुला. तुझ्या आईलाही आले होते, जातील बाळंत झाल्यावर." मावशीचे निदान डॉक्टरांइतकेच अचूक होते. गरोदरपणात येणारे वांग बऱ्याच जणींचे प्रसूतीनंतरच्या काही महिन्यांत फिके होतात. माझेही झाले, पण पुरते गेले नाहीत. त्यानंतर दोन वर्षे मी गर्भनिरोधक गोळ्या घेतल्या, आणि कामाचे स्वरूप असे की सकाळी दहापासून दुपारी तीनपर्यंतचे ऊन चुकत नाही. आई, गरोदरपण, गोळ्या आणि ऊन, म्हणजे वांगाची म्हणून जी कारणे सांगितली जातात, त्यांतली मुख्य चारही माझ्या वाट्याला आली होती.

वांग हा शब्द 'व्यंग' या संस्कृत शब्दावरून आला आहे. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये व्यंगाचे वर्णन येते. तोंडावर अचानक उमटणारे, न दुखणारे, पातळ, सावळ्या रंगाचे मंडल, आणि कारण म्हणून क्रोध व श्रम. न दुखणारे आणि पातळ ही दोन विशेषणे मला फार आवडली, कारण आजचा डॉक्टरही बोट फिरवून हेच तपासतो: डाग त्वचेच्या पातळीतच आहे, वर आलेला नाही, खाजत नाही, त्यावर खपली नाही. क्रोधाचे मात्र मी घरच्यांना अजून सांगितलेले नाही.

आपल्या त्वचेच्या सर्वांत वरच्या थराच्या तळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. त्या टायरोसिन नावाच्या अमिनो आम्लापासून टायरोसिनेज या विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने मेलॅनिन बनवतात, ते बारीक पुडक्यांत भरतात आणि आजूबाजूच्या पेशींना वाटतात. वांगामध्ये या पेशींची संख्या फारशी वाढलेली नसते, वाढलेले असते ते त्यांचे काम. शिवाय तिथल्या रक्तवाहिन्या वाढलेल्या असतात, वरच्या आणि खालच्या थरांमधला पडदा उन्हाने झिजलेला असतो, आणि त्यातून काही रंग खाली झिरपून जातो. म्हणूनच डॉक्टर हल्ली वांगाला केवळ रंगाचा डाग मानत नाहीत. वर्षानुवर्षे उन्हाने शिणलेल्या त्वचेचा तो विकार आहे. आमच्या भाषेत सांगायचे तर हा लव्हाळा आहे. वरची पात खुरपली की रान स्वच्छ दिसते, पण गाठ जमिनीत असते, आणि पहिल्या पावसाबरोबर ती पुन्हा वर येते.

हे सगळे मला 2021 मध्ये ठाऊक नव्हते. त्या वर्षीच्या दिवाळीनंतर कार्यालयातल्या एका सहकारी बाईंचा चेहरा एकाएकी उजळलेला दिसला. त्यांनी ट्यूबचे नाव कागदावर लिहून दिले. दुकानदार म्हणाला, "घ्या मॅडम, सगळे हेच नेतात." चिठ्ठी मागितली नाही, किती दिवस लावायची ते सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही. पंधरा ग्रॅमची ती ट्यूब मी रोज रात्री लावू लागले. सहा आठवड्यांत वांग जवळजवळ दिसेनासे झाले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मला चार जणींनी ट्यूबचे नाव विचारले आणि मी ते सांगितले. त्या चौघींपैकी दोघींना पुढे फोन करून "बंद करा" असे सांगावे लागले, आणि त्या फोनपूर्वी मी दोन दिवस टाळाटाळ केली होती.

एप्रिलपासून बिघाड सुरू झाला. उन्हात गेले की गाल पेटल्यासारखे लाल व्हायचे. हनुवटीवर पुटकुळ्या आल्या, त्याही बेचाळिसाव्या... नव्हे, तेव्हा एकोणचाळिसाव्या वर्षी, जेव्हा मुरुमांचे वय संपून वीस वर्षे झाली होती. गालांवर बारीक लाल रेषा दिसू लागल्या, कानशिलांपाशी लव दाट झाली. आणि चमत्कार असा की ट्यूब दोन दिवस थांबवली की चेहरा अधिकच भाजायचा, लावली की शांत व्हायचा. त्यामुळे ट्यूबच औषध आहे असे वाटून मी ती अधिक नेमाने लावत राहिले. ऑगस्टमध्ये एका रात्री ट्यूब संपली म्हणून ती कापून आतले काढताना मी चष्मा लावून पहिल्यांदा मागचा मजकूर वाचला. हायड्रोक्विनोन 2 टक्के, ट्रेटिनॉइन 0.025 टक्के, मोमेटासोन 0.1 टक्का. त्याखाली तांबड्या चौकटीत इशारा होता की हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये. अक्षरे मुंगीच्या पायाएवढी होती, पण कीटकनाशकाच्या पुडीवर असतात त्याहून लहान नव्हती.

मोमेटासोन हे स्टेरॉइड आहे. डाग उडवण्याचे मुख्य काम त्याचे नसते, ते हायड्रोक्विनोनचे असते. ते दाह शमवते आणि रंग बनवणाऱ्या पेशींनाही थोडे थोपवते, म्हणून सुरुवातीचे यश डोळ्यांत भरते. चेहऱ्याची त्वचा पातळ असल्याने ते तिथे अधिक शोषले जाते, आणि महिनोन्‌महिने लावले तर त्वचा आणखी पातळ होते, रक्तवाहिन्या वर दिसू लागतात, मुरूम आणि लव वाढते, आणि त्वचेला त्याची सवय लागते. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला स्वतंत्र नावच दिले आहे, कारण ती त्यांना रोज दिसते. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्री भारतीय अभ्यासात चेहऱ्याची तक्रार घेऊन आलेल्या 2,926 रुग्णांपैकी 433 जण, म्हणजे जवळपास 15 टक्के, चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी चौदा स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली. माझी ट्यूब त्यानंतर तीन वर्षांनी विकली गेली होती. लेबल वाचताना नावाच्या शेपटाकडे पाहावे, ही युक्ती मला नंतर कळली: मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, म्हणजे शेवटी 'सोन' किंवा 'सॉल' दिसले की थांबावे आणि डॉक्टरांना विचारावे. शेपटावरून सगळीच स्टेरॉइडे ओळखू येत नाहीत, पण दुकानात मिळणारी बरीचशी येतात.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. त्या मिश्रणात खोट नव्हती. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड यांचे त्रिकूट 1975 मध्ये अमेरिकेतील क्लिगमन आणि विलिस या दोन डॉक्टरांनी मांडले, आणि त्याची सौम्य केलेली रूपे आजही वांगावरचा सर्वांत परिणामकारक लेप मानली जातात. अमेरिकेत 2002 मध्ये अशाच एका मिश्रणाला परवानगी मिळाली, त्यात हायड्रोक्विनोन 4 टक्के, ट्रेटिनॉइन 0.05 टक्के आणि फ्लुओसिनोलोन हे त्यामानाने सौम्य स्टेरॉइड 0.01 टक्का आहे. पण तीही आठ आठवड्यांपुरती आणि देखरेखीखाली. मी आठ आठवड्यांचे औषध नऊ महिने लावले होते. शेतकऱ्याने एकरी शिफारस केलेली मात्रा चौपट करून फवारली आणि पीक करपले, तर दोष मी औषधाला देत नाही.

मग त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. सोलापुरातल्या त्या डॉक्टरांनी पहिली दहा मिनिटे चेहऱ्याकडे पाहिलेच नाही, नुसते विचारले. गोळ्या घेता का, पाळी नियमित आहे का, थायरॉइड तपासले आहे का, डोक्याला कोणते तेल, केसांना कोणता रंग, कुंकू ओले की कोरडे की टिकली, घरात कोणाला गाठ होऊन रक्तवाहिनी बंद पडली आहे का. मला हे प्रश्न ओळखीचे वाटले. शेतात गेल्यावर मीही आधी पानाला हात लावत नाही. मागच्या हंगामात काय होते, पाणी कधी दिले, शेजारच्याने काय फवारले, हे विचारते.

तेल, कलप आणि कुंकू यांचे प्रश्न वाटेल ते म्हणून विचारलेले नव्हते. चेहऱ्यावरचा प्रत्येक काळा डाग वांग नसतो, आणि आपल्याकडे तो घोळ फार होतो. कलपातल्या रसायनाची, सुवासिक तेलांची किंवा कुंकवात मिसळलेल्या कृत्रिम रंगांची ॲलर्जी होऊन चेहरा, कपाळ आणि मान राखाडी काळी पडते. तो डाग वांगासारखा तपकिरी नसतो, तर शिशासारख्या राखाडी छटेचा असतो, आणि बरेचदा कपाळाच्या कडेने कानापर्यंत व गळ्यावर पसरतो. लायकेन प्लेनस नावाच्या विकाराचा एक रंगीत प्रकारही असाच दिसतो. गालाच्या कडा आणि कपाळ मखमलीसारखे जाड आणि काळे होत असेल, मानेवरही तसेच असेल, तर रक्तातील साखर आणि इन्सुलिनकडे पाहावे लागते. टिकलीच्या डिंकातल्या एका रसायनाने तर उलटे होते, कपाळावर पांढरा ठिपका पडतो. या सगळ्यांवर वांगाची मलमे लावणे म्हणजे तेल्यावर बुरशीनाशक. माझ्या एका चुलत जावेला वर्षभर 'वांगाचे' म्हणून लेप दिले जात होते. तिचा कलप बंद केल्यावर काळेपणा वाढायचा थांबला.

नंतर त्यांनी खोलीतला दिवा बंद केला आणि हातातला एक छोटा जांभळा दिवा माझ्या चेहऱ्याजवळ आणला. याला वुड्स लॅम्प म्हणतात. त्यातून सुमारे 365 नॅनोमीटरचे अतिनील किरण येतात. अंधारात माझ्या हातात त्यांनी आरसा दिला. उजव्या गालावरचा डाग त्या उजेडात एकदम गडद आणि काठोकाठ स्पष्ट झाला, जणू कोणी शाईने रेघ ओढली आहे. डावीकडचा तितका खुलला नाही, नुसता धुरकट राहिला. डॉक्टर म्हणाल्या, "ताई, जो गडद दिसतोय त्याचा रंग वरच्या थरात आहे, तो औषधाला ऐकेल. जो दिसत नाही तो खाली उतरलाय, त्याला वेळ लागेल, आणि त्यातला थोडा कदाचित राहीलच." सावळ्या त्वचेवर हा दिवा नेहमीच नेमके सांगू शकत नाही, असेही त्यांनी स्वतःच सांगितले, म्हणून भिंगातूनही पाहिले. चेहऱ्याचे तीन बाजूंनी फोटो काढले. आणि पहिले तीन महिने वांगावर काहीही द्यायला नकार दिला.

ते तीन महिने सर्वांत कठीण गेले. स्टेरॉइड सोडवायचे होते. साधे मॉइश्चरायझर, सौम्य फेसवॉश, काही दिवस दाह कमी करणारे बिनस्टेरॉइडचे मलम, आणि सनस्क्रीन. पहिल्या दोन आठवड्यांत चेहरा इतका लाल आणि सुजलेला होता की मी तालुक्याच्या बैठकीला ओढणी गुंडाळून बसले. वांगही परत वर आले, आधीपेक्षा गडद. सासूबाईंनी लिंबू आणि साय लावायचे सुचवले. त्यांच्या आग्रहामागे माया होती, पण लिंबाच्या रसातली काही द्रव्ये उन्हाच्या संपर्कात त्वचा भाजवतात आणि मागे काळा डाग ठेवतात, हे डॉक्टरांनी आधीच बजावले होते. साय आम्ही पोळीला लावून खाल्ली.

आता त्या एका विषयाकडे येते, ज्याला मी सर्वांत कमी महत्त्व देत होते आणि जो निम्म्याहून अधिक उपचार आहे. मी सनस्क्रीन वापरत होते, अगदी पूर्वीपासून. पन्नास ग्रॅमची एक ट्यूब मला साडेचार-पाच महिने पुरत असे, आणि याचा मला अभिमान होता. डॉक्टरांनी हा आकडा ऐकून कागदावर हिशेब मांडला. चेहरा आणि मानेसाठी तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत ओढलेल्या दोन रेघांएवढे मलम लागते, ते साधारण एक ग्रॅम भरते. म्हणजे दिवसातून एकदाच लावले तरी पन्नास ग्रॅम पन्नास दिवसांत संपायला हवे, आणि उन्हात फिरणाऱ्याने ते दोन-तीन तासांनी पुन्हा लावायचे असते. मी पाच महिन्यांत दीडशे वेळा लावले होते, म्हणजे एका वेळी ग्रॅमचा तिसरा हिस्सा. डब्यावर लिहिलेला एसपीएफचा, म्हणजे उन्हापासूनच्या संरक्षणाचा, आकडा दर चौरस सेंटीमीटरला 2 मिलिग्रॅम मलम लावून मोजलेला असतो. तिसरा हिस्सा मात्रा घेतली की तो आकडा आपल्यासाठी उरत नाही. एका पंपात औषध कमी टाकून एकर भागवणाऱ्या शेतकऱ्याला मी काय बोलते, ते आठवून मला हसू आले.

दुसरी चूक अधिक सूक्ष्म होती. नेहमीची सनस्क्रीन अतिनील किरण अडवतात. पण वांग केवळ अतिनील किरणांनी वाढत नाही. डोळ्यांना दिसणारा प्रकाश, विशेषतः त्यातला निळा-जांभळा भाग, आपल्यासारख्या सावळ्या त्वचेत गडद आणि टिकाऊ रंग आणतो, हे 2010 च्या सुमारास प्रयोगांतून स्पष्ट झाले. दिसणारा प्रकाश अडवायचा तर मलम स्वतः दिसणारे असावे लागते, पारदर्शक मलम तो कसा अडवणार? म्हणून त्यात आयर्न ऑक्साइड घालतात, म्हणजे सोप्या शब्दांत गेरूच्या जातीचा लालसर-पिवळा रंग. अशा 'टिंटेड' सनस्क्रीनने वांगात अधिक फायदा दिसतो. माझे आधीचे महागडे, चेहऱ्यावर अजिबात न दिसणारे सनस्क्रीन नेमक्या त्याच गुणामुळे अपुरे होते. आता माझ्या रुमालांवर आणि शाळेच्या दाखल्यांपासून सातबाऱ्यापर्यंतच्या कागदांवर मातकट बोटांचे ठसे उमटतात, ते शेतातले असतात की ट्यूबचे, हे मलाही सांगता येत नाही. जाता जाता सांगायचे म्हणजे खिडकीच्या साध्या काचेतून लांब लहरींचे अतिनील किरण आणि दिसणारा प्रकाश दोन्ही आत येतात, त्यामुळे एसटीच्या खिडकीशी बसूनही ऊन लागते. मोबाइलच्या पडद्याची भीती मात्र वायफळ आहे. सूर्यापुढे त्याचा उजेड नगण्य ठरतो.

चौथ्या महिन्यात औषधे सुरू झाली. आधी ॲझेलेइक ॲसिड, 20 टक्के, रात्री. याची जन्मकथा मला फार आवडली. छाती-पाठीवर पांढरट ठिपके पडतात, ज्याला आपण शिबे म्हणतो, त्याला कारण असलेल्या यीस्टच्या अभ्यासातून हे आम्ल लक्षात आले. त्या ठिपक्यांत रंग का कमी होतो, याचा शोध घेताना ते टायरोसिनेजला अडवते असे दिसले. एका त्वचारोगाच्या बुरशीने दुसऱ्याचे औषध सुचवावे, हा जैविक कीडनियंत्रणाचाच प्रकार वाटला. सुरुवातीला ते मुंग्या चावल्यासारखे चुरचुरते, पण गरोदरपणातही ते सुरक्षित मानले जाते, जे हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनबद्दल म्हणता येत नाही.

हायड्रोक्विनोनही नंतर मिळाले, 4 टक्के, फक्त डागांवर आणि फक्त तीन महिने, तारीख लिहून. याच्या घराण्याची ओळख 1939 मध्ये अमेरिकेतील कातडी कमावण्याच्या कारखान्यात झाली होती. रबरी हातमोजे घालणाऱ्या कामगारांच्या हातांवर पांढरे चट्टे पडू लागले, आणि शोध घेतल्यावर रबरात घातलेले हायड्रोक्विनोनचे एक भावंड त्याला कारण निघाले. हायड्रोक्विनोन प्रभावी आहे, पण वर्षानुवर्षे लावल्यास ओक्रोनोसिस नावाचा निळसर काळा, कधीही पुरता न जाणारा डाग पडू शकतो. हा दुष्परिणाम 1975 मध्ये दक्षिण आफ्रिकेतून नोंदवला गेला, जिथे असे लेप अनेक वर्षे सर्रास वापरले जात होते. युरोपीय संघाने 2001 मध्ये ते त्वचा उजळवणाऱ्या सौंदर्यप्रसाधनांतून काढून टाकले. म्हणजे डाग घालवायच्या औषधाने न जाणारा डाग पडायचा, आणि रुग्णाने तो वांगच वाढले समजून तेच औषध आणखी लावायचे. या फेऱ्याची कल्पना मला चांगलीच आहे.

तिसरे औषध गोळीचे. ट्रानेक्सॅमिक ॲसिड आपल्याकडे बहुतेक बायकांना ठाऊक असते, कारण पाळीत अति रक्तस्राव झाला की तेच देतात. जपानमध्ये 1979 साली एका डॉक्टरांना ते दुसऱ्याच त्रासासाठी देताना रुग्णाचे वांग फिके झालेले दिसले, तिथून हा उपयोग सुरू झाला. वांगासाठी मात्रा बरीच कमी असते, साधारण 250 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, काही महिने. पण हे औषध रक्ताची गुठळी विरघळू देत नाही, म्हणून पूर्वी पायात किंवा फुप्फुसात गाठ झालेल्यांना, पक्षाघात किंवा हृदयविकार असलेल्यांना, वारंवार गर्भपात झालेल्यांना आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांना ते देत नाहीत किंवा फार विचार करून देतात. पहिल्या भेटीत घरातल्या रक्ताच्या गाठींबद्दल का विचारले होते, हे तेव्हा कळले. मला ते चार महिने दिले आणि त्याचाच परिणाम सर्वांत ठळक दिसला, असे फोटो सांगतात. औषधाच्या दुकानात ही गोळीही कोणी सहज देईल, आणि म्हणूनच तिची भीती वाटते.

पील (आम्ल लावून त्वचेचा वरचा थर सोलणे) आणि लेसर मी केले नाही, म्हणून त्याविषयी थोडक्यात. ग्लायकोलिक ॲसिडचे सौम्य पील डॉक्टरांच्या हातून, औषधांना जोड म्हणून उपयोगी पडते. पार्लरमध्ये केलेल्या तीव्र पीलने माझ्या वहिनीचे गाल भाजून होते त्याहून काळे झाले. लेसरबद्दल डॉक्टरांचे मत स्पष्ट होते: सावळ्या त्वचेत उष्णतेनेच वांग उसळू शकते, कमी शक्तीचे लेसर वारंवार मारले तर पांढरे ठिपकेही पडू शकतात, आणि थांबवले की डाग बहुधा परततात. शेवटचा उपाय म्हणून, अनुभवी हातात, इतकेच.

गोरे करण्याच्या बिनलेबलच्या क्रीमबद्दल मात्र थोडक्यात आटोपता येणार नाही. या क्रीममध्ये अनेकदा पारा असतो. पाराही टायरोसिनेजला रोखतो, म्हणून चेहरा उजळतो, पण तो त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडाच्या गाळण्या बिघडवतो. 2023 मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात अशा क्रीममुळे मूत्रपिंडविकार झालेल्या रुग्णांची नोंद डॉक्टरांनी केली. आपल्या अकोल्यातही एकाच घरातल्या तिघींना हा त्रास झाल्याच्या बातम्या त्याच सुमारास आल्या होत्या. लघवीला फेस आणि पायांवर सूज, ही लक्षणे घेऊन आलेल्या बाईला कोणता डॉक्टर आधी विचारेल की चेहऱ्याला काय लावता? आठवडी बाजारात नाव-पत्ता नसलेल्या डब्या मी स्वतः पाहिल्या आहेत. बोगस बियाण्यांवर आम्ही धाडी घालतो, तेव्हा निदान पाकिटावर खोटे का होईना, नाव तरी असते.

माझे म्हणाल तर सव्वा वर्षाने, 2023 च्या दिवाळीच्या सुमारास, डॉक्टरांनी पहिला आणि नवा फोटो शेजारी ठेवले. उजवा गाल जवळजवळ स्वच्छ होता. ओठावरचा पट्टा गेला होता. डाव्या गालावर रुपयाएवढी धुरकट सावली राहिली, ती अजूनही आहे, आणि माझी तिच्याशी तडजोड झाली आहे. लाल रेषांपैकी काही राहिल्या. हायड्रोक्विनोन केव्हाच बंद झाले. आता आठवड्यातून चार रात्री ॲझेलेइक ॲसिड, रोज सकाळी नायसिनामाइडचे, म्हणजे ब3 जीवनसत्त्वाच्या एका रूपाचे, मलम आणि दोन बोटे सनस्क्रीन. घरी मला कोणी "गोरी झालीस" म्हणाले की मी आता दुरुस्ती करते, कारण गोरे होणे हा या उपचाराचा हेतू कधीच नव्हता. माझ्या चेहऱ्याचा जो मूळ रंग आहे, तो सगळीकडे सारखा असावा एवढेच मागणे होते.

मागच्या सप्टेंबरात अतिवृष्टीचे पंचनामे निघाले. सलग अठरा दिवस सोयाबीनच्या चिखलात, कधी ढग, कधी ऑक्टोबरला लाजवेल असे ऊन, आणि दुपारचा दुसरा थर बरेचदा राहून गेला, कारण समोर कुजलेल्या शेंगा हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाला "थांबा, मला चेहऱ्याला मलम लावायचे आहे" असे म्हणवत नाही. महिन्याअखेरीस उजव्या गालावर जुनी कडा पुन्हा उमटली. डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे फोटो काढला, ॲझेलेइक ॲसिड रोजचे केले, आणि विचारले की पुढचे पंचनामे कधी. मी म्हटले, ते पावसावर आहे. आता ट्यूब जेवणाच्या डब्याच्या पिशवीत, पाण्याच्या बाटलीला लागून ठेवते, म्हणजे उन्हाने तापत नाही. आणि डबा उघडण्याआधी स्कूटीच्या आरशात पाहून दोन रेघा ओढते. परवा बांधावर एक आजी हे पाहत होत्या. त्यांनी ट्यूब मागून घेतली, डोळ्यांपासून हातभर लांब धरली, उलटी केली, सुलटी केली आणि म्हणाल्या, "त्रिकोण कुठंय गं ह्याच्यावर?"